गाडीत जीपीएस आहे, मग गेटबाहेरचा धूर का हटत नाही? (चाकण-तळेगाव मालवाहतूक)

नाणेघाट (धागाकर्ता)

चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात मोठ्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या गाड्यांना जीपीएस असणं आता नवीन राहिलेलं नाही. डिस्पॅचच्या खोलीत भिंतीवर स्क्रीन, त्यावर हिरवे-लाल ठिपके. आणि त्याच कारखान्याच्या गेटबाहेर सर्व्हिस रोडला पंधरा-वीस गाड्या, त्यातल्या निम्म्यांची इंजिनं चालू. गाडी कुठे आहे हे सगळ्यांना कळतं. ती उभ्या उभ्या किती डिझेल पितेय, हे कुणाच्याच स्क्रीनवर नसतं.

मालवाहतुकीतला धूर ढोबळमानाने चार ठिकाणी फुकट जातो: रांगेत उभं राहून, रिकामं परत येऊन, चुकीच्या रस्त्याने किंवा चुकीच्या वेळी शहरात शिरून, आणि धूर साफ करणारी यंत्रणा बंद पडलेली असताना गाडी तशीच पळवून. चारही ठिकाणी माहिती-तंत्राचा उपयोग आहे. पण 'ट्रॅकिंग बसवलं' म्हणजे त्यातलं एकही झालं असं नाही.

धाग्यात 'पर्यावरण वाचवा' छाप प्रतिसाद नकोत. कोणती वायर, कोणता आकडा, किती लिटर आणि हे सगळं कुठे फसतं, तेवढं लिहा. इलेक्ट्रिक ट्रकवर स्वतंत्र धागा काढू. इथे आज रस्त्यावर असलेल्या डिझेल गाड्यांबद्दलच बोलू.

चोवीस_व्होल्ट

पहिली गफलत बसवतानाच होते. बहुतेक ट्रॅकर 'इग्निशन ऑन' म्हणजे इंजिन चालू असं धरतात. ड्रायव्हर किल्ली एक टप्पा फिरवून पंखा किंवा गाणी लावून बसला की रिपोर्टमध्ये तीन तास आयडलिंग (उभ्या गाडीचं इंजिन चालू राहणं) दिसतं. मग ड्रायव्हरला बोलणी बसतात, तो म्हणतो इंजिन बंद होतं, आणि तो खरं बोलत असतो. दोन-चार वेळा असं झालं की त्या रिपोर्टकडे कुणी ढुंकून बघत नाही.

उपाय फुकट आहे. ट्रॅकर पुरवठ्याचा व्होल्टेज पाठवतच असतो, तो वापरा. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना बॅटरी साधारण २५ च्या आसपास असते. अल्टरनेटर फिरायला लागला की २७.५ ते २८ दाखवते. मर्यादा २६.८ ला ठेवा आणि ती सलग ६० सेकंद टिकली तरच 'इंजिन चालू' धरा. छोटा हत्ती, पिकअप अशा १२ व्होल्टच्या गाड्यांत बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४, तिथे १३.३ ला रेघ मारा. मात्र बॅटरी जुनी असेल किंवा अर्थिंग गंजलेल्या चॅसिस बोल्टवर दिलं असेल, तर आकडा व्होल्टभर खाली येतो आणि चालू इंजिनही बंद दिसतं. अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर घ्या, लाल वायरवर ३ अँपिअरचा फ्यूज टाका.

दुसरं, बॅटरी कट-ऑफ स्विच. ट्रॅकर स्विचच्या पुढे (गाडीच्या बाजूला) जोडला की ड्रायव्हरने स्विच पाडल्यावर यंत्र आतल्या छोट्या बॅटरीवर जातं आणि काही तासांनी गप्प. मागे (थेट बॅटरीच्या बाजूला) जोडला तर गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर मुख्य बॅटरी उतरते, जर यंत्राचा स्लीप मोड चालू केलेला नसेल तर. मागेच जोडा, पण स्लीप मोड तपासून.

आणखी एक: चालताना दर १० सेकंदांनी आणि उभी असताना दर ५ मिनिटांनी माहिती पाठवणं ही सेटिंग डेटा वाचवायला ठीक आहे, पण त्या ५ मिनिटांत इंजिन दोनदा बंद-चालू झालं तर दिसणार नाही. व्होल्टेजने मर्यादा ओलांडली की ताबडतोब नोंद जाईल, अशी 'इव्हेंट' सेटिंग मागून घ्या. पुरवठादाराला माहीत असतं, फक्त कुणी मागत नाही.

बारा_बोल्ट

+१. पण बीएस-६ (भारत स्टेज-६, धुराचं नवं सरकारी मानक) गाडी असेल तर व्होल्टेजवर कशाला थांबायचं? १ एप्रिल २०२० नंतरच्या जड गाड्यांत इंजिनाचा कॅन बस (गाडीतले संगणक ज्यावर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी) असतो आणि त्यावर जे-१९३९ या भाषेत सगळं बोललं जातं. १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना कॅनच्या, ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरी.

आकडे वाचताना काय फसतं ते सांगतो. इंजिनाचे फेरे ६१४४४ या संदेशात चौथ्या-पाचव्या बाइटमध्ये येतात, एका एककाला ०.१२५ आरपीएम. ताशी इंधन ६५२६६ मध्ये पहिल्या-दुसऱ्या बाइटमध्ये, एका एककाला ०.०५ लिटर. धाकटा बाइट आधी येतो. उलटा वाचला की ६०० आरपीएमची गाडी भलतंच काही दाखवते. आणि एखाद्या गाडीचा ताशी खप ३२७६.७५ लिटर दिसला तर घाबरू नका, टाकी फुटलेली नाही. दोन्ही बाइट पूर्ण भरलेले म्हणजे 'ही माहिती उपलब्ध नाही'. अनेक सॉफ्टवेअरं तो आकडा गाळत नाहीत आणि महिन्याची सरासरी पार बिघडते. डीईएफच्या (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) टाकीची पातळी १०२ टक्के दिसणं हाही त्याच जातीचा प्रकार.

एकूण वापरलेलं इंधन ६५२५७ मध्ये असतं, पण तो संदेश बऱ्याच गाड्यांत मागितल्याशिवाय येत नाही. वॉरंटीच्या भीतीने वायर न कापता वरून चिमटा लावणारे रीडर बसवतात, ते फक्त ऐकतात, मागू शकत नाहीत. म्हणजे एकूण इंधन मिळणार नाही, ताशी खपाची बेरीज करून काढावं लागेल. शिवाय त्या आकड्याची पायरी अर्ध्या लिटरची आहे. दहा मिनिटांचं आयडलिंग त्यात दिसतच नाही. ट्रिपसाठी तो वापरा, गेटवरच्या हिशोबासाठी ताशी खप.

बसवल्यावर मल्टिमीटरने तपासा: बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमध्ये ६० ओहम आले पाहिजेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. ४० आले म्हणजे तुमच्या ट्रॅकरच्या आतही एक रेझिस्टर आहे, तो जंपर काढून बंद करा. नाहीतर डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात आणि गाडी शोरूमला गेली की पहिला आळ ट्रॅकरवर.

गणिती

लिटरपासून धुरापर्यंतचं गणित इथेच टाकून ठेवतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. तेलविहिरीपासून पंपापर्यंत डिझेल आणतानाचा धूरही धरायचा असेल तर आकडा आणखी वाढतो, पण एका तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळू नका.

समजा एका गेटवर रोज ६० गाड्या येतात आणि प्रत्येकीचं इंजिन रांगेत सरासरी १ तास चालू राहतं. आयडलिंगला ताशी २ लिटर धरू (इंजिनाप्रमाणे कमी-जास्त, म्हणून वरचा ६५२६६ वाचून स्वतःचा आकडा घ्या). रोजचे १२० लिटर, म्हणजे ३२१.६ किलो. वर्षाला ३०० दिवस धरले तर ३६,००० लिटर आणि ९६ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. एका गेटचा.

आता टन-किलोमीटर, म्हणजे मालाचे टन गुणिले अंतर. ९ टन माल, अंतर १२० किमी, भरलेली गाडी ४.५ चं ॲव्हरेज देते: २६.७ लिटर. एवढंच धरलं तर टन-किलोमीटरला ६६ ग्रॅम येतात आणि सादरीकरणात छान दिसतात. पण गाडी रिकामी परत येते, ६ च्या ॲव्हरेजने आणखी २० लिटर. आता ११६ ग्रॅम. हाच खरा आकडा. आयएसओ १४०८३ हे २०२३ चं मानक रिकामी फेरी धरायलाच लावतं. परतीला ६ टन भाडं मिळालं आणि ५ चं ॲव्हरेज पडलं तर एकूण डिझेल वाढून ५०.७ लिटर होतं, पण टन-किलोमीटर १८०० झाल्याने आकडा ७५ ग्रॅमवर येतो.

त्याच मानकातली एक गोष्ट लोक चुकवतात. टन-किलोमीटरसाठीचं अंतर ओडोमीटरचं घ्यायचं नसतं. दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं व्यवहार्य किंवा सरळ रेषेतलं घ्यायचं. इंधन मात्र प्रत्यक्ष जळलेलं. नाहीतर जो वळसा घालून जाईल त्याचे टन-किलोमीटर वाढतील आणि कागदावर तोच स्वच्छ ठरेल.

युरियाच्या_गावा

कार्बनचं गणित बरोबर, पण चाकणकरांच्या नाकात जातो तो नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी. तिथे रांगेचा परिणाम लिटरच्या हिशोबापेक्षा जास्त आहे.

बीएस-६ जड गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी यंत्रणा) असतो. डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, गरम धुरात फवारलं की नायट्रोजन ऑक्साइड मोडतो. पण धूर साधारण २०० अंशांच्या वर गेल्याशिवाय फवारणी नीट होत नाही. तळेगाव चौक ते आंबेठाण चौक अशी पहिल्या गिअरमध्ये सरपटणारी किंवा गेटवर तासभर गुरगुरणारी गाडी ते तापमान गाठतच नाही. म्हणजे बीएस-६ ची पाटी असलेली गाडी त्या तासात नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत जवळपास जुन्या गाडीसारखीच वागते. कॅनवर धुराचं तापमान मिळत असेल तर '२०० अंशांखाली इंजिन चालू असलेली मिनिटं' असा एक रकाना काढा. आयडलिंगच्या साध्या मिनिटांपेक्षा हा आकडा खूप बोलतो.

काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, डीपीएफचंही तसंच. तो अधूनमधून ५५०-६०० अंशांना तापवून आतली काजळी जाळावी लागते. हायवेला हे आपोआप होतं. चाकण-भोसरी-चाकण अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते अर्ध्यावर तुटतं, दिवा लागतो, मग गाडी उभी करून अर्धा तास सक्तीचं रीजनरेशन. ते केमिकल किंवा रंगाच्या कारखान्याच्या आवारात करू देत नाहीत, आणि बरोबरच आहे. म्हणून छोट्या फेऱ्यांच्या गाडीला आठवड्यातून एक लांब फेरी देणं हे डिस्पॅचच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम म्हणून घालता येतं. सर्व्हिसचा खर्च वाचतो तो वेगळाच.

आणि मूळ दुखणं: एम्युलेटर. डीईएफचा खर्च वाचवायला काहीजण कॅनवर एक डबी बसवतात, ती इंजिनाला 'सगळं ठीक आहे' असं सांगत राहते. पीयूसीत हे सापडत नाही, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. पकडायचं कसं? बिलांवरून. डीईएफ साधारण डिझेलच्या ४ ते ६ टक्के लागतं. महिन्याला १२०० लिटर डिझेल भरणाऱ्या गाडीला ५०-७० लिटर डीईएफ लागायला हवं. बिलं १० लिटरची असतील आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नसेल तर गाडी रॅम्पवर घ्या. हा तपास एक्सेलमध्ये होतो, त्याला कुठलाही एआय लागत नाही.

दहाचाकी

सगळं बरोबर, पण ड्रायव्हर इंजिन बंद का करत नाही हे कुणी लिहिलंच नाही. तो आळशी नसतो. रांग दर सात-आठ मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते. बंद केलं आणि मधे दुसरा घुसला की नंबर गेला. शिवाय एअर ब्रेक. सिस्टिमला बारीक गळती असेल तर बंद केल्यावर हवा उतरते, आणि पुन्हा ७-८ बार भरेपर्यंत गाडी हलत नाही. मग मागच्यांचे हॉर्न. म्हणून तो चालूच ठेवतो.

गळतीची तपासणी सोपी आहे. पूर्ण हवा भरून इंजिन बंद करा, काटा वाचा, अर्ध्या तासाने पुन्हा वाचा. काटा ठळक उतरला तर साबणाचं पाणी घेऊन जोड शोधा. ब्रेक चेंबर आणि केबिनखालचे नायलॉन पाइप आधी. ही दुरुस्ती झाल्याशिवाय 'इंजिन बंद ठेवा' चा एसएमएस पाठवून उपयोग नाही.

गेटपास

@दहाचाकी, नंबर जाण्याची भीती हा खरा मुद्दा आहे. रांग प्रत्यक्ष रस्त्यावर आहे तोवर इंजिन चालू राहणार. रांग मोबाइलवर न्यायची. प्रत्येक गाडीला आधीच वेळ ठरवून देणं, स्लॉट बुकिंग म्हणतात ते हेच. पण ते बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन महिन्यांत कोलमडतं, त्याची कारणं ठरलेली आहेत.

एक, स्लॉट गेटचे दिले जातात, डॉकचे (माल उतरवायच्या फलाटाचे) नाही. गेटवर तासाला १२ गाड्या आत घेता येतात, पण डॉक पाच आणि एक गाडी खाली करायला ५० मिनिटं लागतात. तासाला सहाच निघतात. रांग बाहेरून उचलून आत आली, धूर तोच. आधी दोन आठवडे प्रत्येक डॉकवर गाडी लागल्याची आणि सुटल्याची वेळ टिपा, मालाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी. पॅलेटवरचा माल आणि हातानं उतरवायची सुटी खोकी यांना एकच स्लॉट देणं म्हणजे वेळापत्रक पहिल्याच सकाळी कोसळणार. सरासरी वेळ घेऊ नका. दहापैकी आठ गाड्या ज्या वेळेत सुटतात ती घ्या.

दोन, शिफ्ट बदल आणि जेवणाची सुट्टी सॉफ्टवेअरला कुणी सांगत नाही. फोर्कलिफ्टवाला जेवायला गेला की दुपारचे स्लॉट घसरतात आणि संध्याकाळपर्यंत ती घसरण पुढे जात राहते. त्या वेळात स्लॉटच ठेवू नका, आणि दर चार स्लॉटनंतर एक मोकळा सोडा.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं: लवकर आलेल्या गाडीने थांबायचं कुठे? जेएनपीटीहून (न्हावाशेवा बंदरातून) रात्री निघालेला ट्रेलर पहाटे चारला पोहोचतो, स्लॉट नऊचा. थांबायला जागा नसेल तर तो गेटबाहेरच उभा राहणार. म्हणून गेटपासून पाच-सात किलोमीटरवर संडास, पाणी आणि सावली असलेला एखादा पार्किंगचा तुकडा ठरवा आणि नियम करा: नंबर त्या पार्किंगमध्ये शिरल्यावर लागेल, गेटवर आल्यावर नाही. एवढ्या एका नियमाने रांग गेटवरून हलते. बोलावणं ड्रायव्हरच्या फोनवर मराठी-हिंदीत आवाजी कॉलने जाऊ द्या. ॲपच्या नोटिफिकेशनवर भरोसा नको. फोन चार्जिंगला लावून तो झोपलेला असतो.

जिओफेन्स (गाडी आत-बाहेर झाली हे कळायला नकाशावर आखलेली हद्द) गोल आखू नका. ५०० मीटरचा गोल टाकला की शेजारच्या कारखान्यात उभी असलेली गाडीही 'आली' म्हणून नोंदली जाते, आणि समोरच्या हायवेने निघून गेलेलीसुद्धा. उपग्रह नकाशावर भिंतीच्या कडेने बहुभुज आखा, शेडच्या पत्र्याखाली जीपीएस ३०-४० मीटर भरकटतं म्हणून बाहेर तेवढी मोकळीक ठेवा. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची रेघ एकच ठेवली तर उभी गाडी दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करते. बाहेरची रेघ आतल्या रेघेपेक्षा ५० मीटर लांब आखा आणि सलग तीन नोंदी आल्याशिवाय स्थिती बदलू नका.

एक कागदी अडचण: ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाची) मुदत दर २०० किमीला एक दिवस, आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. गेटबाहेर अडकलेल्या गाडीची मुदत टळायला आली की ट्रान्सपोर्टर स्लॉट सोडून आधी आत घ्या म्हणून मागे लागतो. मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. स्लॉटच्या स्क्रीनवर ई-वे बिलाची मुदत शेजारीच दाखवा, म्हणजे ऐनवेळची पळापळ टळते.

नाणेघाट

@गेटपास, डॉकचा मुद्दा नेमका. पुढचा प्रश्न: कारखान्याची स्वतःची गाडी नसते, भाड्याच्या गाडीवर आपला ट्रॅकर नसतो. तिथे ड्रायव्हरच्या मोबाइलच्या सिमवरून ट्रॅकिंग चालेल का?

गेटपास

पार्किंगचा नंबर लावायला नाही चालणार. सिमवरची जागा टॉवरवरून काढतात, चूक काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत. 'लोणावळा ओलांडला' एवढं कळायला पुरे. भाड्याच्या गाडीला पार्किंगच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करू द्या किंवा फास्टॅग वाचणारा रीडर लावा. फास्टॅग प्रत्येक गाडीच्या काचेवर आहेच आणि नुसता नंबर ओळखायला पुरतो. आणि सिमवरून जागा घ्यायची तर ड्रायव्हरची संमती लागते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा: माल उतरला की ट्रॅकिंग थांबलं पाहिजे.

नकाशे_खोर

रस्त्याबद्दल थोडं. गुगल मॅप ट्रकसाठी नाही, कारचा रस्ता दाखवतो. स्वतःचं राउटिंग उभारायचं तर ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आणि वल्हाला किंवा ओपनरूटसर्व्हिस ही रस्ता काढणारी सॉफ्टवेअरं; दोन्हींत ट्रकचा वेगळा प्रोफाइल आहे, उंची-वजन देता येतं. ओएसआरएम या तशाच सॉफ्टवेअरच्या मूळ पॅकेजमध्ये तो नाही, तिथे हाताने लिहावा लागतो.

पण प्रोफाइल असून डेटा नसेल तर काय? पुण्याच्या बऱ्याच अंडरपासची उंची आणि जड वाहनांच्या बंदीच्या वेळा नकाशात भरलेल्या नाहीत. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघाली की बंदीची वेळ त्या रस्त्याच्या नोंदीत सशर्त बंदी म्हणून भरायची असते. हे काम एकदा करून भागत नाही, वेळा बदलत राहतात. महिन्यातून एकदा कुणीतरी बसून करायला हवं.

ज्यांना रोज पंचवीस-तीस ठिकाणी माल टाकायचा असतो त्यांनी थांब्यांचा क्रम लावणारी व्हरूम किंवा ओआर-टूल्स वापरून बघा, दोन्ही मुक्त आहेत. तिथली नेहमीची चूक: थांब्यावरचा वेळ शून्य ठेवणं. सॉफ्टवेअर तीस थांबे एका टेम्पोत बसवतं, प्रत्यक्षात अठरा होतात, मग उरलेल्या बारांसाठी दुपारी दुसरा टेम्पो. किलोमीटर कमी व्हायच्या ऐवजी वाढले. पेठांमध्ये थांब्याला किमान १२-१५ मिनिटं धरा, पार्किंग शोधण्यासकट.

बिल्टी_बहाद्दर

परतीच्या भाड्याबद्दल गणिती यांनी आकडे दिले, अडचण मी देतो. ऑनलाइन भाडं मिळतं, पण रिकामी गाडी कधी सुटेल हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून ट्रान्सपोर्टर परतीचं भाडं घ्यायला कचरतो. डॉक सुटण्याची वेळ जी गेटपास यांनी मोजायला सांगितली, तीच भाड्याच्या बाजारात 'गाडी मोकळी होण्याची वेळ' म्हणून टाका. आकडा एकच, उपयोग दोन ठिकाणी.

दुसरी मेख बॉडीची. ऑटो पार्टच्या रिकाम्या जाळ्या आणि बिन (पार्ट ठेवायच्या पेट्या) परत न्यायच्या असतात, त्या गाडीचा अर्धा भाग खातात. घडीच्या बिन असतील तरच परतीचं भाडं बसतं. बिन घडी होतात की नाही ही नोंद गाडीच्या माहितीत असली पाहिजे, नाहीतर भाडं ठरतं आणि गाडी भरताना भांडण.

बारा_बोल्ट

घाटाबद्दल एक भर. नवले पुलाच्या उतारावर किंवा खंबाटकीत गाडी न्यूट्रलवर सोडली की डिझेल वाचतं हा समज अजून आहे. कॅनवर बघा: गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की आरपीएम १२००-१५०० आणि ताशी खप शून्य, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये आरपीएम ६०० च्या आसपास आणि आयडलिंगचं डिझेल जळत राहतं. वर इंजिनाचा ब्रेक नाही, सगळा भार ब्रेक लायनरवर. वेग ४० च्या वर आणि आरपीएम ७०० च्या खाली सलग १० सेकंद, अशी अट टाकली की न्यूट्रल पकडता येतं. ही नोंद शिक्षेला वापरण्यापेक्षा वरचा खपाचा आलेख ड्रायव्हरला दाखवा. शून्य लिटर बघितलं की पटतं.

टाकीत डिझेलची पातळी मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर असेल तर घाटात 'डिझेल चोरी' चे खोटे अलार्म येतात, कारण उतारावर डिझेल एका बाजूला जातं. गाडी सपाटीवर, उभी आणि ५ मिनिटं स्थिर असेल तेव्हाचीच नोंद खरी माना. कॅलिब्रेशन करताना टाकी रिकामी करून २०-२० लिटर भरत प्रत्येक पायरीला आकडा लिहायचा. पूर्ण-रिकामं अशा दोनच नोंदींवर भागवलं तर टाकीच्या गोलाईमुळे मधला सगळा हिशोब चुकतो. आणि २०० लिटर डिझेल २० अंशांनी तापलं तर सव्वातीन लिटर फुगतं. एप्रिलच्या दुपारी डिझेल 'वाढलेलं' दिसलं तर ते उन्हाचं.

मोशीकर

हे सगळं केल्यावर फरक पडला का हे बघायला गेटवर हवेचं यंत्र लावायचं म्हणतोय. पाच-सात हजारांत पीएम २.५ मोजणारी यंत्रं मिळतात. चालतील का?

युरियाच्या_गावा

ह्या कामाला नाही. ती लेझरच्या विखुरण्यावर चालतात आणि ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्यांना जवळजवळ दिसत नाहीत. डिझेलची ताजी काजळी बहुतेक त्याहून बारीक असते. म्हणजे गाडी शेजारी गुरगुरतेय आणि यंत्र शांत. उलट सर्व्हिस रोडची धूळ उडाली की आकडा उसळतो. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि धूर नसताना हवा खराब दिसते. जुलैत स्लॉट पद्धत सुरू केली तर तुम्हीच म्हणाल, फरक पडला नाही.

मोजायचंच तर ब्लॅक कार्बन (काजळी) मोजणारं यंत्र महिनाभर भाड्याने मिळतंय का बघा, रांगेच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला, गाडीच्या सायलेन्सरपासून किमान १० मीटरवर आणि माणसाच्या नाकाच्या उंचीला. तेही आधीचा महिना आणि नंतरचा महिना एकाच ऋतूतला घेऊन. ते जमत नसेल तर वर सांगितलेली '२०० अंशांखालची मिनिटं' मोजा. ती गाडीतच मोजली जातात, पावसाने फुगत नाहीत.

मोशीकर

बीएस-४ गाड्यांचं काय? त्यांच्यावर सहसा धुराचं तापमान मिळत नाही, आणि माझ्या गेटवर निम्म्या त्याच येतात.

चोवीस_व्होल्ट

त्यांना व्होल्टेजवाली पद्धत. २६.८ च्या वर आणि वेग शून्य, ती मिनिटं गाडीनंबरप्रमाणे लिहून काढा. तापमान नाही मिळालं तरी रांगेतला वेळ मिळतो. आणि एक्सेलमध्ये बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे रकाने वेगळे ठेवा, बेरीज करू नका.